क्लचवरचा पाय

१

बनारसहून परत आल्याला सावळारामला अकरा दिवस झाले होते, आणि अकराही दिवस त्याची सकाळ गाडीखाली गेली होती. उठायचं, कालव्यावर तोंड धुवायचं, ठमाआत्याच्या हातचा गुळाचा चहा प्यायचा आणि बारदान काखेत मारून पत्र्याच्या शेडात शिरायचं. भवानीनगरच्या अलीकडं, बारामती-इंदापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा मळा होता आणि मळ्याच्या टोकाला ते शेड. एका कोपऱ्यात कडबा, दुसऱ्यात मोडकी मोट, आणि मधोमध दोन वर्षं जागची न हललेली काळी डिझेलची मोटार.

ही मोटार कालव्याच्या एका ठेकेदाराची. खडीच्या रस्त्यांनी ती वयाच्या दुप्पट म्हातारी झाली आणि शेवटी चारीत उलटली. सावळारामचे वडील, सोपानतात्या, म्हणजे घरातले आबा, वालचंदनगरला फिटर होते. त्यांनी ती भंगारातून उचलून बैलांनी ओढत मळ्यात आणली आणि उभी केली. डिझेलवर चालणारी मोटार तेव्हा सगळ्या तालुक्यात अप्रूपाची. लोक म्हणत, ‘ट्रकाचं पोट आन् मोटारीचं तोंड.’

तिचं एकच दुखणं होतं. तिच्या क्लचला तार नव्हती, दांडी नव्हती. सगळं काम तेलाचं. पायडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल बारीक नळीतून खालच्या सिलिंडरात जाई आणि तिथला दट्ट्या क्लच सोडवी. तेल गळलं की पायडल नुसतंच खाली बसे आणि गिअर पडत नसे. ही गाडी पहिल्यापासून गळत होती.

‘हे आपण आठ दिवसांत मिटवू,’ सावळाराम आल्या दिवशीच म्हणाला होता. एकोणीसशे एकोणसाठचा एप्रिल होता. त्याच्या खिशात इंजिनिअरिंगची नवी पदवी होती आणि डोक्यात सगळा देश. शहरात नोकरी धरायची नाही, आपल्या तालुक्यात कारखाना काढायचा, पोरांना यंत्रं शिकवायची, आणि ही गाडी गावाची करायची, अडल्यानडल्याला दवाखान्यात नेणारी. आणि पहिली अडलेली घरातच होती. थोरली बहीण रतन बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या साली तिला अशाच कळा आल्या तेव्हा बैलगाडीतून बारामतीला नेता नेता वाटेतच मूल गेलं. मोटार शेडात उभी होती आणि आबांनी तिला हात लावला नव्हता.

‘अक्का, या वेळी तू मोटारीतून जाणार,’ सावळाराम तिला म्हणाला. ‘माझा शब्द.’

रतन हसली होती. पण हसताना तिचा हात पोटावर गेला होता, आणि तो हात सावळारामला दिवसभर दिसत राहिला.

अकराव्या दिवशी बारदानावर उताणा पडल्यावर त्याला पहिल्यांदा एक गोष्ट खटकली. क्लचच्या तेलाची डबी दोन वर्षांपासून कोरडी होती; आत कोळ्यानं जाळं केलं होतं. नळी कोरडी, दोन्ही सिलिंडर कोरडे. आणि तरी गाडीखालच्या मातीवर, क्लचच्या पायडलाच्या बरोबर खाली, रुपयाएवढा ओला डाग होता.

त्यानं बोट लावून वास घेतला. एरंडेल.

२

एरंडेलाचं तसं नवल नव्हतं. क्लचचं खरं तेल पुण्याहून आणावं लागे, म्हणून आबा डबीत घरचं एरंडेल ओतत. ‘रबराला एरंडेल मानवतं, गोडं तेल घातलं की रबर फुगून मरतं,’ हे ते कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणून होते. बनारसला हेच वर्गात शिकवलं तेव्हा सावळारामला आबांचा इतका अभिमान वाटला होता की त्यानं त्याच रात्री चार पानी पत्र लिहिलं.

पण वास नाकात गेला की त्याला आबा आठवत नसत, आई आठवे. संध्याकाळी चूल विझवली की धोंडाबाई उंबऱ्यावर बसून टाचांच्या भेगांत एरंडेल भरायची. दिवसभर अनवाणी उसात दारं धरून, पाटाचं पाणी सरीसरीत वळवून तिच्या टाचा वाळल्या तळ्यासारख्या झाल्या होत्या.

पंचावन्न सालचा उन्हाळा. सावळाराम बनारसला जायचा होता त्याच्या आधीचे तीन महिने. गाडी नुकतीच आली होती आणि तिघं मिळून तिच्या क्लचमधली हवा काढत. हे काम एकट्याचं नव्हेच. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून खालच्या सिलिंडरावरचं निपल ढिलं करायचं. तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत येतात. निपल पुन्हा आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा पुन्हा आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

खाली आबा. बाटली धरायला सावळाराम. आणि वर ड्रायव्हरच्या जागी, हिरव्या लुगड्याचा काचा मारून, धोंडाबाई.

‘दाब!’

टिक्. तिच्या जोडव्याचा आवाज. अनवाणी पाय लोखंडी पायडलावर पडला की जोडवं आधी वाजे.

‘दाबलंय!’

‘सोड!’

‘सोडलं!’

एकदा आबा पाना शोधत असताना सावळारामनं गंमत म्हणून खालून ओरडून बघितलं, ‘सोड!’ वरचा पाय हलला नाही. तो पुन्हा ओरडला. नाहीच. शेवटी आबा हसत म्हणाले, ‘सोड गं,’ तेव्हा टिक् झालं.

‘मी सांगितलं तर का नाही सोडलंस?’ त्यानं विचारलं.

‘दाब कुणी म्हटलं व्हतं? तू का तुज्या बानं?’ ती वरून म्हणाली. ‘उसात दारं धरताना शेजारच्या रानातनं धा जण वरडत्यात, बंद कर, बंद कर. दिसतंय का कोन त्ये? ज्यानं पानी मागितलं त्याचाच आवाज ऐकायचा. त्यो बंद म्हणस्तवर जाग्यावरनं हलायचं न्हाय, मंग रात हू दे न्हायतर पाऊस येऊ दे.’

‘अगं, ही मोटार आहे, ऊस नाही.’

‘आमाला समदं सारकंच,’ ती म्हणाली, आणि गाडीखाली बाप-लेक पोट धरून हसले होते.

सत्तावन्नच्या चैत्रात ती गेली. सावळाराम तेव्हा बिहारात श्रमदानाच्या छावणीत दुसऱ्या कुणाच्या तरी गावचा रस्ता बांधत होता. तार आठ दिवसांनी पोचली. ‘बसल्या जागी गेली,’ एवढंच आबांनी नंतर पत्रात लिहिलं. कुठं बसली होती ते लिहिलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

३

सावळारामची एक वही होती. ज्याला कारण सापडत नाही ते तीत लिहायचं आणि कारण सापडलं की खोडायचं, असा त्याचा नेम. त्यानं लिहिलं: ‘नळीत उरलेलं जुनं तेल उन्हानं पातळ होऊन ठिबकत असावं.’ नळी काढली, फुंकून बघितली. नळीतून नुसती धूळ आली. ते वाक्य त्याला वेगळ्या अर्थानं खोडावं लागलं.

दुसरी गोष्ट पायडलाची. ते खाली बसलेलं असे. त्यात काही नाही, म्हाताऱ्या गाडीची स्प्रिंग तुटते. त्यानं हातानं ते वर ओढलं तर वर आलं आणि वरच राहिलं. स्प्रिंग चांगली धडधाकट होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पायडल पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नुसतं कललेलंही नाही, पार गाडीच्या तळाला टेकलेलं, आवळून धरल्यासारखं.

घूस असेल. मांजर रात्री गाडीत झोपत असेल. त्यानं काचा लावल्या, दारांना दोरी बांधली. सकाळी दोरीची गाठ जशीच्या तशी, आणि पायडल खाली.

आबा शेडाकडं फिरकत नसत. उंबऱ्यापासून दहा पावलांवर लिंबाखाली बाज टाकून बसत आणि तिथून विचारत, ‘झालं का?’

‘रबरं गेलीत, आबा. दोन्ही सिलिंडरांची. गेणबाकाकांना निरोप धाडलाय, ते आणतील.’

‘राहू दे की. रतनला दोन दिस आधी बारामतीला नेऊन ठिवू. यष्टीनं.’

‘यष्टीच्या धक्क्यांनी काय होईल ते दवाखान्यातल्या बाई म्हणाल्याच ना? आणि आबा, तुम्ही फिटर आहात. तुमच्यासारखा हात तालुक्यात नाही. तुम्ही एकदा बघा तरी.’

आबांनी तंबाखू मळली. मळतच राहिले. ‘पायडल कसं हाय?’ त्यांनी विचारलं.

‘म्हणजे?’

‘वर हाय का खाली?’

सावळारामनं त्यांच्याकडं बघितलं. ‘तुम्हाला कसं ठाऊक?’

‘म्हाताऱ्या गाडीचं बसतंच,’ आबा म्हणाले आणि तंबाखू तोंडात न टाकताच झटकून उठले.

४

गेणबा बुधवारी सकाळच्या गाडीनं आला. वालचंदनगरच्या वर्कशॉपात तो आणि आबा वीस वर्षं एका बाकावर काम केलेले. गुडघ्याएवढी पिशवी, तीत रबराच्या नव्या टोप्या, पुण्याहून मागवलेल्या खऱ्या तेलाचा डबा, आणि तोंडाचा पट्टा सुरूच.

‘काय इंजनेरसाहेब! बनारसला गंगेत बुडी मारून आलास, आता एरंडेलात मार.’

‘काका, एरंडेल नाही. आता खरं तेल.’

‘व्हय बाबा, तुमचं समदं खरं. आमचं बापजाद्यांचं खोटं.’

दोघांनी मिळून दुपारपर्यंत सिलिंडर उघडले, घासले, नवी रबरं बसवली, नळी जोडली. सावळारामचे हात आनंदानं चालत होते. असं माणसांनी माणसांबरोबर हातानं करायचं काम, ह्यावरच तो बनारसच्या वसतिगृहात रात्र रात्र बोलला होता. साखर कारखान्याच्या बाजूनं मळीचा वास येत होता. तेल अजून भरलं नव्हतं. त्याआधी दट्ट्या मोकळा सरकतो का हे बघायला गेणबा वर बसला आणि सावळाराम खाली गेला.

‘दाबा, काका.’

टिक्.

वरचा दट्ट्या सरकला. सावळाराम खूश झाला. ‘छान! आता सोडा.’

वरून काही आलं नाही.

‘काका?’

‘मी दाबलंच न्हाय,’ गेणबाचा आवाज आला. त्यात गंमत नव्हती.

‘मग खाली कसं गेलं?’

‘माजा पाय अजून चपलात हाय, सावळा. पायाच्या आधीच खाली गेलं त्ये. आन् पाय लावला तर... लोखंड ऊन लागतंय. कुनीतरी आत्ता उठून गेलेल्या बाकावानी.’

‘एप्रिल आहे, काका. पत्र्याखाली सगळंच तापतं.’

‘व्हय. तापतं.’ गेणबा दार उघडून उतरला. चपला हातात घेऊनच उतरला, देवळातनं निघावं तसा. लिंबाखाली जाऊन तो आबांशी काही बोलला. सावळारामला एवढंच ऐकू आलं: ‘सोपानराव, तुमी मला येवढं सांगायला नगं व्हतं का?’

जेवायला थांबा म्हटलं तरी गेणबा थांबला नाही. ‘दुपारची गाडी गाठतो,’ म्हणाला. वीस वर्षांत तो ह्या घरातून न जेवता गेलेला कुणी बघितला नव्हता.

सावळारामनं वहीत लिहिलं: ‘धातू उष्णतेनं प्रसरण पावतो.’ मग बराच वेळ त्या वाक्याकडं बघत बसला.

५

दुसऱ्या दिवशी, भर बाराला, रतनला कळा सुरू झाल्या. वीस दिवस आधी.

ठमाआत्या माजघरातून धावत आली. ‘सावळ्या, तुज्या त्या मोटारीचं काय? पोरीचं पानी गेलंय. औंदाबी गाडीच जुपायची का?’

बारामतीची यष्टी संध्याकाळी होती. बैलगाडीला साडेतीन तास, आणि साडेतीन तासांचं मोल गेल्या साली कळलं होतं. मोटारीला पाऊण तास.

‘अर्धा तास दे, आत्या.’

त्यानं डबीत नवं तेल भरलं. आता फक्त हवा काढायची होती, आणि त्याला दुसरं माणूस हवं. आत्या रतनपाशी. आबा बैल आणायला पल्याडच्या रानात गेलेले. ते मोटारीवर विसंबणार नव्हते. सावळारामनं काठी घेतली. पायडल दाबून सीट आणि पायडलाच्या मध्ये काठी अडकवायची, खाली जाऊन निपल सोडायचं, आवळायचं, वर येऊन काठी काढायची. वेळ लागेल, पण होईल. पायडल सकाळी खाली होतं, ते त्यानं वर ओढून ठेवलं. मग आधी निपलला नळी लावून घेऊ म्हणून बाटली घेऊन तो गाडीखाली सरकला.

बाहेर ऊन एवढं होतं की आवाजच उरले नव्हते. उसाचं पान हलत नव्हतं. पत्रा मधूनच कडकड करी. त्याचा स्वतःचा श्वास बाटलीच्या तोंडावर वाजत होता.

टिक्.

पायडल खाली गेलं होतं. दट्ट्या सरकलेला त्याला समोर दिसत होता.

काठी वर होती, सीटवर. ती पडली असेल. काठी पडली, पायडलावर पडली. त्यानं विचार तेवढाच केला आणि हातांनी सवयीचं काम केलं. निपल ढिलं केलं, बाटलीत बुडबुडे आले, निपल आवळलं.

‘सोड,’ तो म्हणाला. का म्हणाला त्याला कळलं नाही.

काही नाही.

‘सोड!’

पायडल हललं नाही. माजघराकडून रतनचा आवाज आला, लांबट, दातांत धरलेला. त्याच्या कपाळावर काहीतरी पडलं. त्यानं बोटानं पुसलं. पुण्याचं तेल पातळ होतं, त्याला औषधाच्या दुकानाचा वास होता. हे दाट होतं. पिवळसर.

पायडलाची दांडी जिथून तळातून खाली येते तिथं एक फट होती. तिच्यावरचं रबर कधीच कुजून गेलं होतं. त्या फटीतून रोज त्याच्या तोंडावर उन्हाची चीर पडे. आज चीर नव्हती. फटीत काहीतरी होतं आणि तो इतक्या जवळून बघत होता की आधी त्याला ते कातडं आहे हे समजलं नाही. वाळल्या तळ्यासारख्या भेगा. भेगांत काळी माती, आणि मातीवर चमकणारं तेल. बाजूला बोटभर हिरवा काठ. एका भेगेत थेंब जमत होता, मोठा होत होता, आता पडणार होता.

सावळारामनं डोळे मिटले. थेंब गालावर पडला.

त्याला ओरडायचं होतं. आणि तितकंच, अगदी तितकंच, त्याला गाल पुसायचा नव्हता.

डोळे मिटूनच तो सरपटत उलट्या बाजूनं बाहेर आला. वर बघितलं नाही. ज्यानं पाणी मागितलं त्याचाच आवाज ऐकायचा. ते वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि चार वर्षं शिकलेल्या सगळ्या कारणांमधून सरळ आरपार गेलं.

‘आबा!’ तो रानाकडं तोंड करून ओरडला. ‘आबा, तुम्हीच या! तुम्हालाच यावं लागेल!’

६

आबा आले. बैल तिथंच बांधावर सोडून आले. शेडाच्या दारात थांबले, सावळाराम आल्यापासून पहिल्यांदा एवढे जवळ.

‘खालीच हाय न्हवं?’

‘माझं ऐकत नाही,’ सावळाराम म्हणाला. ‘आबा, त्या दिवशी काय झालं?’

आबांनी टोपी काढली आणि हातात फिरवत उभे राहिले.

‘मी खाली व्हतो. ती वर. मी दाब म्हनालो, तिनं दाबलं. निपल उघडलं तर तेल डोळ्यात उडालं. हिरीवर गेलो डोळा धुवायला. तितं पाटकरी भेटला. पान्याच्या पाळीचं बोलनं निघालं. बसलो. तंबाकू मळली. तासभर गेला, सावळा. तिला सोड म्हनायचं माज्या ध्यानातच न्हाय राह्यलं. आलो तर बसल्याली. डोळं उघडं. पाय खाली, पायडलावर, आवळून. डाक्टर म्हनला हार्ट. मी तिला उचलली, भाईर काढली... आन् पायडल वर आलंच न्हाय.’

‘तेव्हाच का नाही म्हणालात? सोड म्हणून?’

‘म्हटलं तर ती जाईल,’ आबा म्हणाले. ‘म्हनून न्हाय म्हटलं. आन् गेल्या साली म्हनायला आलो व्हतो. रतनच्या पायी. तवा फटीतनं बगितलं. मंग हितं उभं राह्यचं बळ उरलं न्हाय.’

माजघरातून पुन्हा आवाज आला. ह्या वेळी दातांत धरलेला नव्हता.

आबा बारदानावर बसले, आडवे झाले, गाडीखाली सरकले. साठीच्या माणसाचे पाय तेवढे बाहेर राहिले. सावळाराम शेजारी सरकला, बाटली धरली. फटीकडं दोघांनी बघितलं नाही. आबांचे डोळे निपलवर होते.

‘रतनच्या आई,’ ते म्हणाले. बायकोला हाक मारायची त्यांची हीच रीत होती. ‘लई येळ लावला मी. सोड आता.’

टिक्.

पायडल वर आलं. सावकाश, खूप वेळ मांडी घालून बसलेलं माणूस उठावं तसं.

हवा मात्र अजून नळीत होती. सावळारामला वाटलं आता संपलं, आता काठी आणावी लागेल. पण आबा फिटर होते. त्यांनी पाना हातात नीट धरला आणि नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाले, ‘दाब.’

टिक्.

‘सोड.’

टिक्.

नऊ वेळा. सावळारामनं मोजलं. बुडबुडे मोठे आले, मग बारीक, मग मोहरीएवढे. भीती होतीच, पाठीच्या कण्यात गार पाण्यासारखी. पण तिच्याच शेजारी पंचावन्न सालचा उन्हाळा होता, बाप खाली, आई वर, बाटली त्याच्या हातात, आणि बनारस अजून व्हायचं होतं. वरून ‘दाबलंय’ तेवढं आलं नाही. तो त्याची वाट बघत होता.

नवव्या वेळी नुसतं स्वच्छ तेल आलं. आबांनी निपल आवळलं. ‘सोड,’ म्हणाले. पायडल वर आलं. आबांनी पाना छातीवर ठेवला आणि फटीकडं न बघता हात जोडले.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘मी रतनला आनतो. तू नळी काढ आन् भाईर ये.’

त्यांचे पाय लंगडत लांब गेले. सावळारामनं नळी काढली, निपलवर टोपी बसवली, बाटली बाजूला ठेवली. आता फटीतून उन्हाची चीर पडली होती. स्वच्छ, रिकामी. गालावरचं एरंडेल सुकत आलं होतं.

तार आठ दिवसांनी पोचली होती. त्यानं तिला शेवटचं बघितलं ते दौंडच्या फलाटावर.

‘दाब,’ तो पुटपुटला.

बराच वेळ काही झालं नाही. चीर तशीच होती. त्याला हायसं वाटलं आणि रडू आलं.

मग चीर विझली. टिक्.

‘सावळ्या!’ आत्याची हाक आली. ‘भाईर नीघ! पोरगी दम धरंना!’

तो झटकन बाहेर सरकला. हात पुसले, दार उघडलं. सीटवर काठी होती तशीच पडली होती. ती त्यानं बाहेर फेकली. बसताना सीटची स्प्रिंग वाजली, पण तो टेकायच्या आधी वाजली.

७

मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. क्लचवर पाय ठेवताना तो चाचरला. त्याच्या बुटाखाली पायडल आधीच खाली बसलेलं होतं. त्यानं पाय उचलायला घेतला तेव्हा ते पायाबरोबर वर आलं, इतकं मऊ की गाडीला धक्का लागला नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. वाटेत तीनदा थांबावं लागलं. तिन्ही वेळा त्याचा पाय पोचायच्या आधी पायडल खाली गेलेलं होतं. सणसरच्या उतारावर रतननं मागून त्याच्या खांद्यात नखं रुतवली आणि म्हणाली, ‘सावळा, वास कसला रे? आईचा वास येतोय.’

‘तेलाचा आहे, अक्का. क्लचच्या.’

सेहेचाळीस मिनिटांत ते बारामतीला पोचले. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, काळीसावळी, मोठ्यानं रडणारी. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, ‘आणखी तास गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.’ आबा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडभर तंबाखू खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळाराम उठला, कालव्यावर तोंड धुतलं, गुळाचा चहा घेतला आणि बारदान न घेता शेडात गेला. वही खिशात होती. रात्री त्यानं ठरवलं होतं, सकाळ झाली की पहिलं काम तेच. एक शब्द. न म्हणणं हा अन्याय होता. आयुष्यभर जे जे तो बोलत आला होता त्या सगळ्याच्या उलट होतं. कुणालाही असं जागेवर बांधून ठेवायचं नाही, माणसाला नाही, आणि आईला तर नाहीच.

दार उघडलं. पायडल खाली होतं. खाली मातीवर रुपयाएवढा ताजा डाग.

तो वाकून उभा राहिला. शब्द जिभेवर होता. गाडीत एरंडेलाचा वास दाटला होता, उंबऱ्यावरच्या संध्याकाळचा. फटीकडं त्यानं बघितलं नाही. ऐकत मात्र होता. आत कुणी श्वास घेत नव्हतं. कुणीतरी वाट बघत होतं, तक्रार न करता, रात्र होऊ दे नाहीतर पाऊस येऊ दे.

त्यानं दार हळूच लोटलं, निजलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं. मग पायानं डागावर माती ओढली.

मागं आबा उभे होते. शेडाच्या आत, थेट त्याच्या पाठीशी, आता त्यांना भीती नव्हती. त्यांचा चेहरा दोन वर्षांनी झोप मिळालेल्या माणसाचा होता.

‘सावळा, काल मी गेल्यावर तू खाली व्हतास. तू न्हाय ना कायी म्हनालास? आन् म्हनाला असशील, तर सोडबी म्हनालास न्हवं?’

बनारसहून आल्यापासून सावळाराम घरात पुस्तकी बोलत असे. आत्या त्यावरून त्याला चिडवी. आत्ता त्याच्या तोंडून लहानपणीची बोली निघाली, आपोआप, पहिल्या खोटेपणाबरोबर.

‘व्हय, आबा,’ तो म्हणाला. ‘सोड म्हनालो.’